कपाटामागची हिरवी भिंत

कपाट हलवलं आणि मागून एक हिरवी भिंत निघाली.

म्हणजे भिंत तीच होती. रत्नागिरीला माझ्या ताईच्या घरातली, माझ्या भाचीच्या खोलीतली. पण गेली कित्येक वर्षं ती आम्हाला पांढरट, धुरकट अशीच माहीत होती. कपाटाच्या मागे मात्र, बरोब्बर कपाटाएवढ्या चौकोनात, कोवळ्या पोपटी रंगाची भिंत काल रंगवल्यासारखी ताजी होती. वर कोळ्याची जाळी, खाली दोन हरवलेली खोडरबरं आणि मध्ये हा पोपटी चौकोन. भाची यंदा सहावीत आहे. ती त्या चौकोनासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, माझी खोली हिरवी होती? मग तो हिरवा गेला कुठे?"

आम्ही खोलीला नवा रंग द्यायला निघालो होतो. कुठला रंग द्यायचा याचा घोळ अजून सुरूही झाला नव्हता, त्याआधीच हा प्रश्न आला. मला तो फार आवडला, म्हणून आधी तोच सोडवू.

सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. हिरव्या भिंतीतले रंगाचे कण त्यातला तांबडा आणि निळा उजेड बराचसा गिळतात आणि हिरवा परत फेकतात. तो परत आलेला उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपण म्हणतो, भिंत हिरवी. म्हणजे उजेड गिळणं हेच रंगाचं काम. पण रोज उजेड गिळायचा म्हणजे रोज थोडा मार खायचा. उन्हात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. ते रंगाच्या रेणूंवर आदळत राहतात आणि कधीतरी रेणू तुटतो. तुटलेल्या रेणूला पूर्वीसारखा उजेड गिळता येत नाही. असे असंख्य रेणू तुटले की भिंत फिकट पडते. कपाटामागे ऊन पोचलंच नव्हतं, म्हणून तिथले रेणू शाबूत राहिले. भाचीचा हिरवा कुठे पळून गेला नव्हता. तो तिथेच होता, फक्त मोडून पडला होता.

सगळेच रंग असे मोडत नाहीत. गेरू, काव, पिवडी हे मातीचे रंग बघा. कोकणातला जांभा दगड ज्यामुळे तांबडा दिसतो, तोच लोखंडाचा गंज या रंगांत असतो. उन्हाने त्याचं सहसा काही बिघडत नाही. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी कावी चित्रं असतात, ती याच कावेची. अजिंठ्याच्या लेण्यांतला तांबडा आणि पिवळाही मातीतलाच, आणि तो दीड हजार वर्षांहून जुना आहे. आणखी एक नवल सांगते. पिवडी चांगली तापवली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा तांबडा होतो. एकाच मातीचे दोन रंग!

रंग मोडण्यावरून मला आणखी एक बेडरूम आठवली. ही जगातली सगळ्यात प्रसिद्ध बेडरूम असावी. दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल नावाचं गाव आहे. तिथे १८८८ साली व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा चित्रकार एका पिवळ्या घरात राहत होता. त्याने आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. लाकडी पलंग, दोन खुर्च्या, छोटं टेबल, खिडकी. मग पुढच्या वर्षी त्याच चित्राच्या आणखी दोन प्रती त्याने रंगवल्या. आज एक चित्र ॲमस्टरडॅमला, एक शिकागोला आणि एक पॅरिसला आहे. चित्रातल्या भिंती तुम्हाला कुणीही निळ्याच म्हणून सांगेल. पण व्हिन्सेंटने आपल्या भावाला, थिओला, पत्रात कळवलं होतं की भिंती फिकट जांभळ्या आहेत! मग आपण निळ्या कशा बघतो? जांभळा करायला त्याने निळ्यात तांबडा मिसळला होता. तो तांबडा कच्चा निघाला. वर्षानुवर्षं उजेड खाऊन त्याचे रेणू मोडले आणि मागे नुसता निळा उरला. शिकागोच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी चित्रातल्या रंगाचे बारीक कण तपासून हे शोधून काढलं आणि २०१६ साली तिन्ही चित्रं शेजारी शेजारी टांगून लोकांना ही गोष्ट सांगितली.

भाचीने मोबाइलवर ते चित्र बघितलं, मग पोपटी चौकोनाकडे बघितलं. "म्हणजे त्याच्याकडे कपाट नव्हतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रंगाच्या दुकानात गेलो. भाची, मी आणि भाचीची आजी. दुकानदाराने शेडकार्ड पुढे केलं. जपानी पंख्यासारखं उलगडत जाणारं जाडजूड बाड, आणि प्रत्येक पट्टीवर एकाच रंगाची फिकटपासून गडदपर्यंत घरं. भाचीला पिवळा हवा होता, पिकायला लागलेल्या लिंबासारखा. तिने एका घरावर बोट ठेवलं. "हाच!"

आजी म्हणाल्या, "अगो, आधी दुकानाच्या पायरीवर नेऊन बघ. साडी घेताना बघतो की नाही?"

आजींना प्रकाशशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. साडी आणि ब्लाउजपीस दुकानात एकमेकांना अगदी जुळतात आणि घरी आणल्यावर बघावं तर दोघांची तोंडं दोन दिशांना! असं का होतं? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी फक्त तीन प्रकारच्या आहेत. इंद्रधनुष्यातला एवढा पसारा, आणि मोजायला मापं तीनच. त्यामुळे दोन वेगवेगळ्या रंगांनी तिन्ही मापं सारखीच भरली, तर डोळा म्हणतो, दोन्ही एकच. दिवा बदलला की एकाचं माप वर जातं, दुसऱ्याचं खाली येतं, आणि त्यांचं वेगळेपण उघडं पडतं.

दिवा बदलला की इतकं काय बदलतं, हे बघायचं असेल तर घरातली एखादी जुनी सीडी शोधा. रात्री खोलीत एकच दिवा ठेवा आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब पडेल अशी ती तिरकी धरा. रंगांचे पट्टे दिसतील. जुन्या ट्यूबलाइटचे पट्टे तुटक तुटक दिसतात, मध्ये काळोखाच्या फटी असतात. एलईडी दिव्याचा पट्टा सलग असतो, पण त्यातला निळा ठळक दिसतो. कारण पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा उजेड देणारा बारीकसा तुकडा असतो आणि त्याच्यावर पिवळसर लेप. काही निळा उजेड लेपातून तसाच बाहेर येतो, काहीचा लेप पिवळा-तांबूस उजेड करून देतो, आणि दोन्ही मिसळून पांढरा होतो. दिव्याच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो तोही वाचा. ६५०० के लिहिलं असेल तर उजेड निळसर पांढरा. २७०० किंवा ३००० के असेल तर पिवळसर. (दिवसाचा उजेडही काही एकसारखा नसतो. सकाळी सावलीतल्या खिडकीतून आकाशाचा निळसर उजेड येतो, आणि बाहेर झाड असेल तर पानांवर आपटून आलेला हिरवटही येतो. भाचीच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर माड आहेत. संध्याकाळी त्यांच्यामधून तिरपं सोनेरी ऊन थेट पलंगावर येतं.)

तर भाचीने शेडकार्ड पायरीवर नेलं. उन्हात तो लिंबू-पिवळा आणखी गोड दिसला. मग काय, डबा तयार करायला सांगितला. हे काम बघण्यासारखं असतं. दुकानदाराने पांढऱ्या रंगाचा डबा यंत्राखाली ठेवला. यंत्राने नळ्यांमधून मोजून घट्ट रंगाच्या पिचकाऱ्या सोडल्या, थोडा पिवळा, दोन ठिपके तांबूस, नाममात्र काळा. काळा बघून भाची ओरडलीच. पण पिवळ्याचा भडकपणा उतरवायला तो लागतो. मग झाकण ठोकून बसवलं आणि दुसऱ्या यंत्राने डबा असा गदागदा घुसळला की काउंटर हादरला.

दोन दिवस पेंटरकाका भिंती खरवडत, लांबी भरत, पॉलिश पेपर मारत होते. तेवढा वेळ आम्ही भाचीला खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं आणि ते पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूला अपाय करतं. आता आपल्याकडे कायदा आहे. घरगुती रंगाच्या दहा लाख भागांमध्ये शिशाचे ९० भागांहून जास्त चालत नाहीत. पण भिंतीवरचे थर कायद्याहून जुने असू शकतात. तेव्हा खरवडण्याची धूळ उडत असताना मुलांनी बाहेर खेळायचं.

तिसऱ्या दिवशी चारी भिंतींना पिवळ्याचा पहिला हात झाला. संध्याकाळी भाची धावत खोलीत गेली आणि तशीच थबकली. माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "मावशी, हा तो नाहीये. हळदीच्या डब्यात बसल्यासारखं वाटतंय."

दुकानदाराने चुकीचा डबा दिला असेल का? आम्ही शेडकार्ड आणून भिंतीला टेकवलं. अगदी तोच रंग. कार्डातला तुकडा भिंतीत विरघळून गेला. तरी खोली हळदीची!

पेंटरकाका कोपऱ्यात रोलर धूत होते. ते म्हणाले, "ताई, कार्डावर जो आवडला ना, त्याच्या दोन घरं फिकट बाजूला सरकायचं. भिंतीवर गेला की तो तुमच्या मनातला होतो."

या एका वाक्यात केवढं विज्ञान आहे! ते बघायला एक रंगीत कार्डपेपर घ्या, पिवळा किंवा गुलाबी, चकचकीत नको. तो मधोमध दुमडा आणि अर्धवट उघडलेल्या वहीसारखा खिडकीकडे धरा. आता दुमडीच्या आत बघा. कागद तोच, पण दुमडीच्या खोबणीत रंग केवढा गडद, केवढा रसरशीत! गुलाबी असेल तर जवळजवळ राणी रंगाचा दिसेल.

कारण खोबणीत उजेड एका पानावर आपटतो, मग समोरच्या पानावर, मग पुन्हा पहिल्यावर, आणि मग बाहेर येतो. समजा आपला पिवळा रंग १०० भाग तांबड्या-हिरव्या उजेडातले ८० परत फेकतो आणि निळ्यातले फक्त ४०. (आकडे मी गणित सोपं व्हावं म्हणून घेतलेत.) एका आपटीनंतर ८० आणि ४०, म्हणजे निळा निम्मा. दुसऱ्या भिंतीवर आपटल्यावर ६४ आणि १६. आता निळा पाव हिस्सा. तिसऱ्या आपटीनंतर साधारण ५१ आणि ६. निळा जवळजवळ संपलाच! आणि उजेडातून निळा जितका कमी होईल, तितका तो पिवळा. शेडकार्डाचा तुकडा दुकानात एकटा असतो. त्याच्यासमोर दुसरी पिवळी भिंत नसते. खोलीत मात्र चार भिंती एकमेकींकडे पिवळा उजेड टोलवत बसतात, बॅडमिंटनच्या फुलासारखा. खोली म्हणजे एक मोठी खोबणीच.

पेंटरकाकांनी हे गणित कधी मांडलं नसेल. पण त्यांनी शेकडो खोल्यांमध्ये उभं राहून ते बघितलं आहे. मला विचाराल तर हेही शास्त्रच आहे.

ठरलं, दोन घरं फिकट. यावेळी घाई नको म्हणून नमुन्यापुरता लहान डबा आणला. भाचीने स्वतः ब्रश घेतला आणि हळदी भिंतीवर मधोमध फिकट पिवळ्याचा हातभर चौकोन रंगवला. वाळल्यावर बघतो तर पुन्हा गोंधळ. "हा तर पिवळा नाहीच आहे! पांढरा आहे. निळसर पांढरा!"

डब्यात बघितलं तर स्वच्छ पिवळा. चौकोनात निळसर. हा फसवणारा कोण, ते पॅरिसमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलं. त्याचं नाव मिशेल यूजीन शेव्रल. १८२४ साली तो गोबलॅं नावाच्या मोठ्या विणकाम कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे भिंतींवर लावायचे चित्रांचे गालिचे विणत. तक्रार अशी होती की तुमचा काळा धागा फिका आहे, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी त्याला जोरच नाही. शेव्रलने धागा तपासला. काळा उत्तम होता! मग त्याच्या ध्यानात आलं की खोट धाग्यात नाही, शेजाऱ्यात आहे. आपला डोळा रंग एकटा कधी बघतच नाही. शेजारच्याशी तुलना करून बघतो आणि दोघांमधला फरक वाढवून सांगतो. गडदाशेजारी फिकट आणखी फिकट. दाट पिवळ्याशेजारी कमी पिवळा असेल तो थेट पिवळ्याच्या उलट, म्हणजे निळ्याकडे झुकलेला. शेव्रलने यावर १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. चित्रकारांनी तो कित्येक वर्षं अभ्यासला. स्वतः शेव्रल १०२ वर्षं जगला.

शेजाऱ्याची ही करामत घरी बघायची असेल तर राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक लाल कागदावर ठेवा, एक हिरव्यावर. मग आईबाबांना विचारा, दोन्ही राखाडी एकच आहेत का? थोडा वेळ टक लावून बघायला सांगा. लालावरचा राखाडी हिरवट वाटायला लागतो.

पेंटरकाकांनी मग सगळ्या हळदीवर पांढऱ्या प्रायमरचा हात मारला. भाचीने एका मोठ्या पुठ्ठ्याला फिकट पिवळ्याचे दोन हात दिले आणि तो पांढऱ्या भिंतीला टेकवला. आणि काय सांगू, पुठ्ठ्यावर तिचं लिंबू आलं! अगदी दुकानाच्या पायरीवर होतं तसं.

पण मला त्या पांढऱ्यापाशी जरा थांबायचंय. इतकी दाट हळद एका-दोन हातांत झाकून टाकणारा हा पांढरा असतो तरी काय? त्याचं नाव टायटॅनियम डायऑक्साइड. तो ज्या खनिजांपासून करतात त्यातलं मुख्य म्हणजे इल्मेनाइट, आणि इल्मेनाइट असतं काळंभोर! केरळात कोल्लमजवळ चवऱ्याच्या किनाऱ्यावर त्याची वाळूच आहे. पण भाचीला इतक्या लांब जायला नको. रत्नागिरीत एका बाजूला पांढरा समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा समुद्र. नावं पाण्यावरून नाही, वाळूवरून पडलेली. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं. आम्ही संध्याकाळी चुंबक पिशवीत घालून मांडवीला गेलो. पिशवीत यासाठी की कण नुसत्या चुंबकाला चिकटले तर सुटता सुटत नाहीत. वाळूत फिरवल्यावर पिशवीला काळी मिशी फुटली! असे झटकन चिकटणारे कण बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या खनिजाचे असतात. इल्मेनाइटला चुंबकाची ओढ कमी. त्याच्यात लोखंड आणि टायटॅनियम दोन्ही असतात. कारखान्यात त्यातलं लोखंड काढून टाकतात, आणि काळ्या वाळूतून पांढराशुभ्र रंग बाहेर येतो.

तो इतका पांढरा का? उजेड हवेतून दुसऱ्या पदार्थात शिरताना वाकतो. पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते ती त्यामुळेच. किती वाकतो त्याला अपवर्तनांक म्हणतात. पाण्याचा १.३३. हिऱ्याचा २.४२, म्हणून हिरा लखलखतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या आसपास! तुमच्या छताचा पांढरा रंग उजेडाला हिऱ्यापेक्षा जास्त वाकवतो. शिवाय त्याचे कण इतके बारीक दळलेले असतात की आपल्या केसाच्या जाडीत दोनशेहून जास्त कण ओळीने मावतील. उजेड या कणांच्या गर्दीत शिरला की इकडून तिकडे ढकलला जातो आणि मागच्या हळदीपर्यंत पोचायच्या आधीच उलट्या पावली बाहेर येतो. भिंत झाकली जाते ती अशी.

रात्री जेवताना आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी टायटॅनियम कुठलं? चुना." आणि मग त्यांनी सांगितलं ते ऐकून भाची घास घ्यायची विसरली. चुनखडी किंवा किनाऱ्यावरचे शिंपले भट्टीत भाजायचे, साधारण ९०० अंशांपर्यंत. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात घातला की पाणी आपोआप खदखदायला लागतं. (हे घरी करायचं नाही. डोळ्यांत उडालं तर दृष्टी जाऊ शकते.) विरलेला चुना गाळून भिंतीला लावायचा. मग तो भिंतीवर बसल्या बसल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो! म्हणजे चुन्याची भिंत रंगवत नाहीत, तिच्यावर पातळ दगड उगवतो. आणि चुना पिवळट दिसू नये म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालत. पिवळटपणाला निळ्याने उतारा.

"पण एक गंमत होती," आजी म्हणाल्या. "ओला चुना काहीच दिसायचा नाही. लावलाय की नाही, कळायचं नाही. सकाळी उठून बघावं तर भिंत पांढरीफेक."

आणि भाचीच्या पुठ्ठ्यावर बरोबर उलटं झालं होतं. ओला असताना रंग दुधट दिसत होता, वाळल्यावर गडद झाला. दोन्हींचं कारण एकच आहे. ओल्या चुन्यात कणांच्या मधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. चुना आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांत फार फरक नाही, म्हणून उजेड फारसा न वाकता आरपार जातो. पाणी उडून फटीत हवा शिरली की फरक वाढतो, उजेड विखुरतो आणि भिंत पांढरी होते. आजच्या इमल्शन रंगात मात्र पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे बारीक थेंब असतात. दुधातल्या स्निग्धाच्या थेंबांसारखे ते उजेड विखुरतात, म्हणून ओला रंग दुधट. पाणी उडालं की थेंब एकमेकांत मिसळून पारदर्शक थर होतो. दुधटपणा जातो, खरा रंग वर येतो. म्हणून ओल्या रंगावरून निवाडा करायचा नाही, हे भाचीने वहीत लाल अक्षरांत लिहिलं.

तिने वहीच केली होती. पुठ्ठा रोज चारी भिंतींना टेकवायचा. सकाळी, दुपारी, माडांमधून ऊन येतं तेव्हा, आणि दिवा लावल्यावर. तिसऱ्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, आज दिवा लावूच नकोस. उशीचे दोन अभ्रे समोर ठेव, एक लाल, एक निळा. आणि नुसती बस.

उजेड हळूहळू ओसरला. आधी लाल जास्त उठून दिसत होता. मग कधीतरी लाल काळपट पडायला लागला आणि निळा उजळत गेला. शेवटी लाल अभ्रा काळा ठिक्कर, आणि निळा धुरकट पण स्पष्ट. भाचीने श्वास रोखून ते बघितलं. १८१९ साली पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने फिरायला गेला असताना फुलांमध्ये हेच बघितलं होतं. भर दिवसा झगमगणारी तांबडी फुलं झुंजुमुंजू उजेडात काळसर दिसत होती. आपल्या प्रत्येक डोळ्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आहेत आणि रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी ६०-७० लाख. अंधार पडायला लागला की शंक्वाकार पेशी हळूहळू काम थांबवतात आणि दंडाकार पेशी सूत्रं हाती घेतात. त्यांना निळा-हिरवा उजेड छान जाणवतो, तांबडा जवळजवळ जाणवतच नाही.

त्या अंधारातच तिने विचारलं, "माझी मैत्रीण म्हणते निळ्या खोलीत झोप छान लागते आणि गुलाबी खोलीत राग जातो. खरंय?"

गुलाबीची गोष्ट खरीच घडली होती. १९७९ मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या एका नौदल तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली आणि बातमी पसरली की कैदी शांत झाले. मग कितीतरी ठिकाणी कोठड्या गुलाबी झाल्या. पण पुढे इतर शास्त्रज्ञांनी नीट प्रयोग केले, तेव्हा गुलाबीची ती जादू काही दिसली नाही. आवडता रंग बघून बरं वाटतं हे खरं, पण कुणाला कुठला आवडेल ते ज्याचं त्याला ठाऊक. झोपेचं म्हणाल तर तिथे भिंतीपेक्षा दिवा महत्त्वाचा. डोळ्यांत आणखी एक प्रकारच्या पेशी आहेत. त्यांना उजेड स्वतःहून कळतो, हे २००२ साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. चित्र बघणं हे त्यांचं मुख्य काम नाही. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात, आणि निळसर उजेडाने त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. म्हणून आम्ही पलंगाजवळचा ६५०० चा दिवा काढून २७०० चा लावला. त्याखाली पुठ्ठा बघितला. थोडा लोण्याकडे झुकला होता, पण हळद नव्हती.

भाचीने पुठ्ठ्यावर शिक्कामोर्तब केलं. निळे पडदे मात्र तिने स्वतःच नको म्हटले. "शेव्रलआजोबा म्हणतील, पिवळा पुन्हा ओरडायला लागेल." पांढरे सुती पडदे आले. उरलेली हळद ताईने पडवीला लावली. उन्हापावसात, चार भिंतींत कोंडलेली नसल्यामुळे, ती तिथे इतकी छान दिसते की येणारा-जाणारा विचारतो.

कपाट जागेवर सरकवायच्या आधी भाची म्हणाली, थांबा. मागच्या भिंतीवर तिने पेन्सिलीने तारीख, रंगाचा शेडकार्डावरचा नंबर आणि 'आधी पोपटी होती' असं लिहिलं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे केले. एक खिडकीच्या चौकटीशी उन्हात डकवला, दुसरा काळ्या कागदात गुंडाळून कपाटाच्या मागे ठेवला.

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी कपाट हलवेल त्याच्यासाठी," ती म्हणाली आणि काकांना म्हणाली, "आता ढकला."